आपली मागची भिंत : राष्ट्रीय उद्यानाच्या शेजाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व सभासद व पदाधिकारी,
संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगतच्या गृहनिर्माण संस्था,
बोरिवली, दहिसर, कांदिवली, मालाड, गोरेगाव, भांडुप, मुलुंड आणि ठाणे.

स. न. वि. वि.

मी बोरिवली पूर्वेला, उद्यानाच्या संरक्षक भिंतीला लागून असलेल्या एका सात मजली इमारतीत गेली बावीस वर्षे राहतो आहे आणि त्यांपैकी सहा वर्षे आमच्या संस्थेचा सचिव होतो. हे पत्र मी वनखात्याला, महापालिकेला किंवा मंत्र्यांना लिहिलेले नाही. त्यांना लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही पत्रे मीही लिहिली आहेत; त्यांतल्या एका पत्राची मला आज लाज वाटते, त्याबद्दल पुढे सांगेनच. हे पत्र आपल्यासाठी आहे. ज्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून साग आणि ऐन दिसतो, ज्यांनी फ्लॅट घेताना ‘फॉरेस्ट व्ह्यू’साठी चौरस फुटामागे चार पैसे जास्त मोजले आणि ज्यांच्या इमारतीचे कचऱ्याचे डबे नेमके त्याच बाजूला, भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, अशा आपल्या सगळ्यांसाठी.

निमित्त झाले ते कारवीचे. बावीस वर्षांत मी उद्यानात शेकडो वेळा गेलो असेन, पण ते जाणे म्हणजे पहाटे मुख्य दरवाजातून आत शिरायचे, डांबरी रस्त्याने ठरलेल्या पुलापर्यंत चालायचे, वाटेत ओळखीच्या मंडळींशी सोसायटीच्या आणि साखरेच्या तक्रारी करायच्या आणि उन्हे चढायच्या आत परतायचे. जंगल आमच्या दोन्ही बाजूंना होते. आम्ही त्याच्या मधून जात होतो, एवढेच. २०२४ च्या सप्टेंबरात मात्र, आठ वर्षांनी कारवी फुलल्याचे ऐकून, मी मुलीच्या आग्रहाखातर एका निसर्गभ्रमंतीला नाव दिले आणि डांबर सोडून पहिल्यांदा पायवाटेने कान्हेरीच्या बाजूच्या उतारावर चढलो.

कारवी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ते एक पुरुषभर किंवा त्याहून उंच झुडूप आहे, पाने मोठी आणि हाताला खरखरीत, आणि एरवीच्या पावसाळ्यात त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. सात वर्षे ते फक्त वाढते. आठव्या वर्षी अख्ख्या डोंगरउतारावरची सगळी झुडपे एकाच वेळी जांभळ्यानिळ्या फुलांनी लगडतात, मधमाश्यांचा असा गुंजारव सुरू होतो की वाटाड्याला आवाज चढवून बोलावे लागते, आणि फळे धरली की ते सबंध रान वाळून मरते. सुकलेली बोंडे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तडतडत फुटतात आणि बी जमिनीवर पडते. २०१६ साली हे घडले तेव्हा मी खिडकीपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. २००८ सालीही तेच. पुढचा बहर २०३२ साली. तेव्हा माझे गुडघे मला तिथवर नेतील की नाही, हे गुडघेच जाणोत.

आमचा वाटाड्या आतल्याच एका पाड्यावरचा वारली तरुण होता. परतताना त्याने आम्हाला आपल्या मावशीच्या घराची भिंत दाखवली. कारवीच्या वाळलेल्या काठ्या उभ्या बांधून, त्यांवर शेणमाती लिंपून केलेला कूड. एका कोपऱ्यात लिंपण निघाले होते तिथे काठ्या दिसत होत्या. बोटाएवढ्या जाड, एकसारख्या, जवळजवळ मापून आणल्यासारख्या. मावशी म्हणाली, “फुलून मेलेली कारवीच घ्यायची, जितीला हात नाही लावायचा.” आमच्यातल्या एका गृहस्थांनी तिला विचारले, की या भिंतीतून बिबट्या आत येत नाही का? तिने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, “त्याला आमच्या घरात काय काम?”

हे वाक्य मी त्या दिवसापासून बरोबर घेऊन हिंडतो आहे. बिबट्याला त्या कुडाच्या घराशी काम नाही. आपल्या इमारतींशी मात्र आहे. ते काम कोणी लावून दिले, एवढाच या पत्राचा विषय आहे.

मला वाटते, गैरसमजाची सुरुवात शब्दापासूनच होते. ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बाग येते: हिरवळ, बाकडी, फुलांचे वाफे, माळी आणि संध्याकाळी वाजणारी शिट्टी. आपल्या उद्यानाच्या दरवाजाजवळचा भागही काहीसा तसाच आहे, त्यामुळे समज पक्का होतो. मग बागेत जनावर दिसले तर त्याला बाहेर काढणे हे माळ्याचे काम ठरते. प्रत्यक्षात ही जागा म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे रान आहे, मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले, आणि त्याची तीन बाजूंची हद्द आता जवळजवळ पूर्ण वस्तीने भरून निघालेली आहे. आधीचे त्याचे नाव कृष्णगिरी होते, कान्हेरीच्या काळ्या डोंगरावरून आलेले. ते नाव राहिले असते तर कदाचित आपण डोंगराशी जसे वागायला हवे तसे वागलो असतो. पण हे माझे आपले म्हणणे.

त्या काळ्या डोंगरात जे लोक आपल्याआधी येऊन राहिले, त्यांचे शेजारपण पाहण्यासारखे आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्खूंनी तिथे शंभराहून अधिक लेणी खोदली. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी त्यांना दाने दिली, त्याचे लेख भिंतींवर आहेत. मला त्या लेण्यांतल्या मूर्तींपेक्षा पाण्याची व्यवस्था जास्त आवडते. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात कोरलेले टाके आहे, शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि डोंगराच्या माथ्यावर पडलेला पाऊस बारीक पन्हळींतून त्या टाक्यांत उतरवलेला आहे. चार महिने पडणाऱ्या पाण्यावर वर्ष काढायचे, तर डोंगर स्वच्छ ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांना कोणी शिकवायला आले नसेल. मुंबईने तेच गणित मोठ्या प्रमाणावर मांडले. १८६० साली विहार तलाव पूर्ण झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. १८७९ साली तुळशी तलाव झाला. या दोन तलावांच्या पाणलोटासाठी डोंगर राखले गेले, म्हणून आज आपल्या खिडकीत साग आणि ऐन आहे. दोन्ही तलाव आजही महापालिकेला पाणी देतात. तुळशीच्या सांडव्यातून दहिसर नदी निघते आणि विहार-पवईच्या सांडव्यातून मिठी. दहिसर नदीत उद्यानाच्या आत पाय घातला तर बोटे मोजता येतात. भिंत ओलांडून ती आपल्यात आली की दहा मिनिटांच्या अंतरात तिचा नाला होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने काय केले ते कुर्ल्याच्या लोकांना विचारावे. हे जंगल तो सगळा पाऊस अडवू शकले नसते, हे मान्य. पण ते नसते तर काय झाले असते, याची कल्पना करायला अभियंता असण्याची गरज नाही.

आता बिबट्याकडे वळतो, कारण आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांत विषय निघतो तो त्याचाच.

उद्यान आणि लगतच्या परिसरात २०१५ साली स्वयंचलित कॅमेरे लावून जी गणना झाली, तीत ३५ बिबटे आढळले. २०१८ साली ४७. एवढ्या लहान रानात एवढे बिबटे कसे जगतात, याचे उत्तर मला त्या भ्रमंतीतच, आमच्या इमारतीपासून फार तर अर्ध्या किलोमीटरवर मिळाले. पायवाटेच्या मधोमध बिबट्याची वाळून पांढरट झालेली विष्ठा पडली होती. बरोबरच्या वनरक्षकाने ती काडीने फोडून दाखवली. आत केसच केस होते, आखूड आणि तपकिरी-पांढरे, आणि त्यांत अडकलेले एक वाकडे, बोथट नख. “सांबराचे नाहीत,” तो म्हणाला, “चितळाचेही नाहीत. हे तुमच्याकडचं कुत्रं.” तुमच्याकडचं, हा शब्द त्याने मुद्दाम वापरला असे नाही; त्याच्या दृष्टीने भिंतीच्या त्या बाजूचे सगळे तुमच्याकडचेच.

तोवर मी असे समजत होतो, की जंगलात खायला उरले नाही म्हणून बिबट्या वस्तीत येतो. हे आपण सगळेच म्हणतो, वर्तमानपत्रेही म्हणतात. पण या रानात चितळ आहे, सांबर आहे, भेकर, रानडुक्कर आणि वानर आहे आणि बिबट्याच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच्या खाण्यात हे सगळे सापडले आहे. त्याच्या जोडीला मोठा वाटा कुत्र्यांचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला होता, की इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री मारतात आणि त्यामुळे कुत्र्यांच्या चाव्यांना आणि रेबीजला काही प्रमाणात आळा बसतो. अंदाज तो अंदाजच. पण साखळी समजून घ्यायला तो पुरेसा आहे. आपण ओला कचरा भिंतीकडेला टाकतो, कचऱ्यावर कुत्री, डुकरे आणि घुशी पोसल्या जातात आणि त्यांच्यावर बिबट्या. मावशीच्या दाराशी असा कचरा नव्हता. तिच्या घरात प्लास्टिकची पिशवी जपून ठेवण्याची वस्तू होती. खुंटीला तीन पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या मी पाहिल्या.

आता माझ्या त्या पत्राबद्दल. बारा वर्षांपूर्वी आमच्या आवाराच्या कॅमेऱ्यात रात्री अडीचच्या सुमारास एक बिबट्या दिसला. तो भिंतीवरून उतरला, पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या मधून गेला, डब्यांजवळ थोडा थांबला आणि आल्या वाटेने परतला. एकूण चाळीस सेकंद. सकाळी आठपर्यंत ते चित्रण सगळ्या इमारतीच्या फोनवर होते आणि दहा वाजता, सचिव या नात्याने, मी पत्र लिहायला बसलो होतो: “सदर हिंस्र श्वापदास त्वरित जेरबंद करून अन्यत्र सोडण्यात यावे.” एकसष्ट सह्या झाल्या. पत्र संबंधित कार्यालयात पोहोचले आणि चौथ्या दिवशी एक तरुण अधिकारी आला. मला वाटले होते, तो पिंजरा कुठे लावायचा ते पाहील. त्याने डबे पाहिले, भिंत पाहिली आणि मग आवारात फिरून कुत्री मोजली. सतरा भरली. “यांना जेवायला कोण घालतं?” त्याने विचारले. मी म्हणालो, “कोणी नाही, कचऱ्यावरच जगतात.” त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले, चहा घेतला आणि जाताना एवढेच म्हणाला, की हा नेला तर याची जागा घ्यायला दुसरा येईल आणि तो कदाचित माणसांना इतका सरावलेला नसेल.

मला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले आणि मी तसे सभेत बोलूनही दाखवले. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळले, की तो अगदी शब्दशः खरे बोलत होता. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांचे हल्ले इतके वाढले की जून २००४ चा महिना इथल्या जुन्या रहिवाशांना अजून आठवतो. अनेक माणसे, त्यांत मुले, दगावली. त्याच सुमारास राज्यात ठिकठिकाणी बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा चालू होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसराच्या अभ्यासातून दाखवून दिले, की बिबटे असे उचलून हलवण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर आपल्या जागेकडे परतू पाहते, वाटेतल्या गावांतून जाते, बिथरते; आणि त्याची जागा मोकळी झाली की तिथे नवे जनावर शिरते, ज्याला तिथली माणसे, वाटा, वेळा काहीच ठाऊक नसते. २०११ साली आपल्या उद्यानाच्या शेजारच्या लोकांना हे समजावून सांगण्याचा एक चांगला उपक्रम वनविभागाने अभ्यासकांना आणि स्वयंसेवकांना बरोबर घेऊन सुरू केला. तो आमच्या दाराशीही आला असेल. मी सचिव असूनही त्याच्या एकाही सभेला गेलो नव्हतो. कायद्याचेही तेच सांगणे आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत, येतो आणि माणसाच्या जिवाला तो धोकादायक ठरल्याखेरीज, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीवाचून, त्याला पकडता येत नाही. चाळीस सेकंद पार्किंगमधून चालणे हा धोका नव्हे.

भीती खोटी असते, असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला आकडे सांगून झोप लागत नाही, हे मला कळते. पण त्या भीतीचा खरा भार कोण वाहतो, ते पाहावे. कित्येक पाड्यांवर आजही रात्री शौचासाठी घराबाहेर जावे लागते आणि वाटेवर दिवा नसतो. जनावराच्या वाटेवर सर्वांत आधी येते ते ओणवे बसलेले किंवा एकटे चालणारे मूल. आपल्याकडे मात्र सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या मनःशांतीसाठी दोन हजार वॅटचा झोत रात्रभर जंगलावर सोडलेला असतो. जिथे उजेड हवा तिथे अंधार आणि जिथे अंधार हवा तिथे उजेड, अशी ही आपली वाटणी आहे. पाड्यावरची माणसे वाघबारशीला वाघोबाला नारळ देतात, शेंदूर लावलेल्या त्या लाकडी किंवा दगडी वाघासमोर हात जोडतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. त्यांना बिबट्या आवडतो असा याचा अर्थ नाही. आपण कोणाच्या शेजारी राहतो, हे ते विसरत नाहीत, इतकेच.

उद्यान वाचवायचे म्हणजे मोठमोठ्या प्रकल्पांना विरोध करायचा, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते आणि ते अगदीच चूक नाही. डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचे काम सुरू आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचेही बोगदे याच डोंगराखालून जाणार आहेत. आरेतली झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत पडली तेव्हा आपल्यातलेही काही जण तिथे गेले होते. उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले ते डिसेंबर २०१६ मध्ये, आणि काही ठिकाणी त्याची रुंदी फक्त १०० मीटर आहे. या सगळ्यावर बोलणारी, न्यायालयात जाणारी माणसे आहेत. त्यांना बळ द्यावे. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला तोही अशाच लोकांच्या चिकाटीमुळे, जरी त्या कारवाईत घरे गेली ती गरिबांची आणि आपल्यासारख्यांच्या इमारती जागच्या जागी राहिल्या, हे मनाला खुपत राहते. पण मोर्चातून परतल्यावर आपण कचऱ्याची पिशवी कुठे ठेवतो, याचा हिशोब कोणत्याही न्यायालयात होत नाही.

एका बिबट्याची गोष्ट सांगतो आणि मागण्यांकडे येतो. अहमदनगर जिल्ह्यात २००९ साली एक पोक्त नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले गेले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. तो तिथे थांबला नाही. शेते, गावे, रेल्वेमार्ग, महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटर चालत तो आपल्या उद्यानाच्या परिसरात आला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. बहुतेकांना तो गेल्याचे कळलेही नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्ग ओलांडताना एका वाहनाच्या धडकेने तो मेला. ‘अन्यत्र सोडण्यात यावे’ असे मी लिहिले होते त्याच्या आधीच हे सगळे घडून गेले होते आणि वर्तमानपत्रांत छापूनही आले होते. अन्यत्र म्हणजे कुठे, हे मला त्या वेळी कोणी विचारले असते तर मी काय सांगणार होतो?

म्हणून आपणा सर्वांना माझी विनंती आहे, की येत्या सर्वसाधारण सभेत मागच्या भिंतीचा विषय स्वतंत्रपणे घ्यावा. ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलू नये. कचऱ्याचे डबे भिंतीपासून हलवून रस्त्याच्या बाजूला, झाकणासह आणि जाळीच्या दाराआड ठेवावेत. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितलेलेच होते. खताचा ड्रम बसवायला जो खर्च येतो तो आपण दर गणपतीत मंडपावर करतो त्याहून कमी आहे, मी दोन्हींची बिले पाहिली आहेत. कुत्र्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. पण त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेणे आणि ज्यांना त्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ते ठरलेल्या जागी, दिवसाउजेडी, उरलेले उचलून करणे, एवढे तरी पाळता येईल. माकडांना गच्चीवरून केळी देणे बंद करावे. मंगळवारी केळे द्यायचे आणि बुधवारी त्याच माकडाने स्वयंपाकघर उपसले म्हणून फटाके फोडायचे, हे मी एकाच घरात पाहिले आहे. वाळलेला पालापाचोळा भिंतीजवळ जाळू नये. मार्चनंतर आतले गवत काडीपेटीसारखे असते. आणि कॅमेऱ्यात बिबट्या दिसला तर आवारात घोळका करून, विजेऱ्या नाचवून त्याची वाट अडवू नये. तो बाहेरच जात असतो. जनावर खरोखर कुठे अडकले, इमारतीत शिरले, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे; पहारेकऱ्यांच्या चौकीत तो मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

यातले काहीही अवघड नाही, असे मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत म्हणालो असतो. आता म्हणणार नाही, कारण आमच्याच सभेत हे सगळे मांडून पाहिले आहे. डबे हलवायला सर्वांत मोठा विरोध रस्त्याच्या बाजूच्या फ्लॅटधारकांचा झाला. वास त्यांच्याकडे येणार, हा त्यांचा मुद्दा खराच होता आणि आजवर तो वास जंगलाकडे जात होता म्हणून कोणी काही बोलले नव्हते, हेही तितकेच खरे. शेवटी जाळीचे दार आणि रोज दोनदा उचल, यावर तडजोड झाली. झोताचा विषय निघाला तेव्हा तळमजल्यावरच्या एका वयस्कर बाई म्हणाल्या, की मला बिबट्याची नाही, चोराची भीती वाटते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. झोत खाली वळवून फक्त आवारापुरता ठेवावा आणि अकरानंतर जंगलाकडचा बंद करावा, हा ठराव ३१ विरुद्ध २४ मतांनी, तोही तीन महिन्यांच्या अटीवर संमत झाला.

ते तीन महिने नोव्हेंबरअखेर संपतात आणि त्यानंतर पुन्हा मतदान आहे. आपल्यापैकी ज्या संस्थांनी असे काही आधीच केले असेल त्यांनी ठरावाची प्रत आणि झालेल्या खर्चाचा तपशील मला द्यावा, म्हणजे तो सभेपुढे ठेवता येईल; विशेषतः झोत बंद केल्यावर चोरी झाली की नाही, हे प्रामाणिकपणे कळवावे, कारण त्या बाईंना मला उत्तर द्यायचे आहे. मी दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या इमारतीमागून भिंतीच्या कडेने चालत निघतो आणि वाटेतल्या आवारांचे डबे पाहत जातो. कोणाला बरोबर यायचे असेल तर अवश्य यावे. बूट जाड तळव्यांचे घालावेत, काचा फार आहेत.

आपला,
भिंतीच्या अलीकडचा एक शेजारी
बोरिवली (पूर्व)